घरचं कुणीही

मी जहाजावर नोकरीला होते म्हटलं की परभणीत पहिला प्रश्न येतो, स्वयंपाकाला का? दुसरा येतो, उलट्या व्हायच्या का? दोन्हींची उत्तरं एकदाच देऊन टाकते. स्वयंपाक मला घरीच धड येत नाही, सासूबाईंना विचारा, त्या आनंदानं सांगतील. उलट्या पहिले आठ दिवस झाल्या, मग थांबल्या. मी तिथं लेकरं सांभाळत होते. करोनात जहाजं उभी राहिली तेव्हा घरी बसले तेवढं सोडलं तर बारा वर्षं.

माहेर माझं चुडावा. वडील प्राथमिक शिक्षक. लग्नानंतर परभणीत एका बालवाडीत नऊ वर्षं शिकवलं. मग मुंबईच्या मावसबहिणीनं कळवलं, की लोकांना फिरायला नेणारी मोठाली जहाजं असतात, त्यांच्यावर लेकरांसाठी क्लब असतो आणि तिथं बालवाडीचा अनुभव असलेल्या बायका हव्या आहेत. इंग्रजी कामापुरतं येत होतं. घरात आठ दिवस खल झाला. माझा ओंकार तेव्हा चार वर्षांचा. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, जा तू, लेकराला मी हाय, तुझ्या नवऱ्याला बी मीच वाढवलंय. नवऱ्याकडं बघून मला त्या वाक्यानं फारसा धीर आला नाही, पण गेले.

आता हे काम म्हणजे काय ते सांगते. आई-बाप सुट्टीवर आलेले असतात. त्यांना पोहायचं असतं, नाच-गाणं बघायचं असतं, नाहीतर नुसतं पडून राहायचं असतं. लेकरं ते करू देत नाहीत. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन पाळ्यांत ती आमच्याकडं. तीन ते पाच वर्षांची वेगळी, सहा ते नऊची वेगळी, त्यापुढची वेगळी. त्या मोठ्यांना खेळ नको असतात, फक्त आई-बाप नको असतात. खोलीतलं प्रत्येक कपाट जमिनीला स्क्रूनं पक्कं केलेलं, कोपरे गोल. जहाज जरा कललं की रंगीत खडू सगळे एका भिंतीला जातात, मग दुसऱ्या. मोठी माणसं तोंड दाबून धरतात आणि लेकरं म्हणतात, अजून एकदा.

तीन वर्षांच्या लेकराला आत घ्यायचं तर त्याचं डायपर सुटलेलं पाहिजे, हा नियम. ह्या एका बाबतीत जगातली कुठलीही आई खरं बोलत नाही. कधीच सुटलं, म्हणतात. पंधरा मिनिटांत मला फोन करून त्यांना बोलवावं लागतं. मग त्या येतात आणि लेकराकडंच आश्चर्यानं बघतात.

आणि मोजणी. दर अर्ध्या तासाला डोकी मोजायची. ती खोड अजून गेली नाही. परवा भाच्याच्या लग्नात पंगतीतली लेकरं मोजली आणि एक कमी आलं म्हणून उठून उभी राहिले, तर ते माझ्याच पाठीमागं जिलेबी खात होतं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक वल्ली. अहमदाबादचे एक गृहस्थ मुलाला सोडायला आले आणि स्वतःच ठोकळ्यांचा किल्ला बांधत बसले. तिसऱ्या दिवशी मुलगा एकटा आला आणि मला बजावून गेला की पप्पांच्या किल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. नागपूरकडचा एक चार वर्षांचा गडी जहाज चालतं हे कबूलच करेना. धूळ कुठं उडून राहिली, असं त्याचं म्हणणं. एक नवरा-बायको दुपारी मुलीला न्यायला दीड तास उशिरा आले. मी चिडून तयारच होते. ती बाई म्हणाली, ताई, सहा वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली. माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही.

पण ह्या कामात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे लेकरू परत देणं. खेळ कुणीही घेईल. पहिल्या दिवशी फॉर्म भरून घ्यायचा. लेकराला काय सोसत नाही, कशाची भीती वाटते, आई-बापाची खोली कोणती, आणि न्यायला कोण येईल. न्यायला येणाऱ्यांची जास्तीत जास्त चार नावं, पुढं त्यांच्या सह्या, शिवाय एक पासवर्ड. सही जुळली, पासवर्ड सांगितला, मगच लेकरू हातात द्यायचं. बाप असला तरी. एका बापाला पासवर्ड आठवेना. बायकोनं ठेवला होता. बिचाऱ्यानं सासूचं, मेव्हण्याचं, कुत्र्याचं, सगळ्यांची नावं घेऊन बघितली. पासवर्ड त्याचंच नाव होतं. त्याला वीस मिनिटं उभं केलं म्हणून मी तेव्हा अभिमानानं सगळ्यांना सांगत फिरले होते. नियम म्हणजे नियम, असं मी नव्या पोरींना शिकवायची.

आणि तोच नियम मी मोडला, तोही आपल्या माणसांसाठी.

शेवटची काही वर्षं मी मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर होते. मुंबई, गोवा, कोची आणि परत. त्या वर्षी दिवाळीनंतर एकोणीस जणांचं एक कुटुंब चढलं. पुण्यात स्थायिक झालेल्या घरातल्या एका पुतण्यानं गावाकडच्या सगळ्यांना फिरायला आणलेलं. पाच वर्षांच्या स्वराला घेऊन तिची आई शीतल माझ्यासमोर फॉर्म भरत होती. मध्येच मागं वळून ती ओरडली, "आत्याबाई, तिकडं कुठं चाललाव? इथंच थांबा."

ते आमच्याकडचं 'चाललाव' ऐकून माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी विचारलं, तुमी कुठले? परभणीचे. परभणीत कुठं? पेडगाव.

पुण्या-नाशिकची माणसं रोज भेटायची, पण माझ्या घरापासून एसटीनं अर्ध्या तासावरचं गाव समुद्रात भेटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाई म्हणजे स्वराच्या आजोबांची विधवा बहीण, सत्तरी ओलांडलेली, नऊवारीत, पायात नवे कोरे बूट. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. लेक कुणाची, सून कुणाची, विचारत विचारत पाच मिनिटांत माझ्या चुलत सासऱ्यांपर्यंत पोचल्या आणि नातं लावून मोकळ्या झाल्या. मंग तू तर आमचीच निघालीस, म्हणाल्या.

इकडं शीतल चार नावांच्या रकान्यावर अडली. घरात मोठी माणसं चौदा. चुलत सासूचं नाव लिहावं आणि मोठ्या जाऊबाईचं राहावं, तर कोची येईपर्यंत महाभारत. तिनं माझ्याकडं बघितलं. असल्या घरातच मी वाढलेले. आमच्याकडं लेकरू कुणाचं म्हणून विचारत नाहीत, ज्याच्या हाताशी असेल त्याचं. मी हसून म्हणाले, लिही, घरचं कुणीही. तिनं तसंच लिहिलं आणि मी खाली सही ठोकली. पासवर्ड तेवढा तिनं हौसेनं ठेवला, हुरडा.

त्या फेरीत माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. आमच्या क्लबची प्रमुख मारिया नोकरी सोडून निघाली होती आणि तिच्या जागी माझं नाव जवळजवळ ठरलं होतं. फेरी संपली की कागद हातात येणार होता. आम्हा साध्या पोरींना सलग आठ महिने जहाजावर राहावं लागायचं. प्रमुखाला चार महिने काम, दोन महिने घर. ओंकार तेव्हा नववीत होता. मी कॅलेंडर घेऊन हिशेब मांडला होता, पुढच्या वर्षी त्याच्या दहावीच्या परीक्षेला मी घरी असणार होते. त्याला फोनवर सांगितलंही. तो म्हणाला, बघू, आलीस की खरं. चौदा वर्षांच्या पोरानं असं म्हणावं ह्याचं मला लय लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आत्याबाई दारात आल्या. दे माय, नेते तिला. स्वरानं त्यांना बघून उडीच मारली. मी पासवर्ड विचारला नाही, सही घेतली नाही. वर पिशवीत काय एवढं वजन आहे म्हणून चेष्टा केली.

पावणेपाचला शीतल आली. मी सांगितलं, आत्याबाई घेऊन गेल्या. असंल मंग कुणाजवळ तरी, असं म्हणून ती निवांत चहाला निघाली. पण माझं मन मला खायला लागलं. मी तिला म्हटलं, एकदा खोलीत फोन लाव. खोलीत कुणी नव्हतं. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले चुलतीजवळ हाय. चुलती म्हणाली, मोठीजवळ. मोठी म्हणाली, मी तर बघितलीच न्हाई दुपारपासून. एकोणीस जणांतला प्रत्येक जण बिनघोर होता, कारण लेकरू दुसऱ्या कुणाजवळ तरी होतंच.

गावात असं लेकरू दोन तास दिसलं नाही तरी काही होत नाही, शेजारच्या घरात जेवत असतं. इथं चारही बाजूंनी कठडा आणि कठड्याखाली पाणी. मी मारियाला कळवलं. जहाजावर लेकरू सापडेना की लाऊडस्पीकरवर एक ठरलेला शब्द उच्चारतात. प्रवाशांना तो कळत नाही, पण कर्मचारी असेल तिथं थांबतो आणि जिने, दारं, पोहण्याचा तलाव अडवतो. तो शब्द मी बारा वर्षांत दोनदा ऐकला. एकदा दुसऱ्या कुणामुळं आणि एकदा माझ्यामुळं.

अर्धा तास गेला. शीतल माझा हात धरून होती. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सापडल्या त्या जहाजाच्या मागच्या टोकाला, जिथं फारसं कुणी फिरकत नाही. आत्याबाईंनी जमिनीवर पदर पसरला होता. त्यावर खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. स्वराच्या हातात नारळ. कठड्यापाशी एक खलाशी त्यांना अडवून उभा होता, कारण जहाजावरून पाण्यात काडीसुद्धा टाकायची नाही हा कडक कायदा. आत्याबाई त्याला आपल्या परभणीच्या हिंदीत समजावत होत्या, "अरे बाबा, नारळ दर्याकोच देना है, तेरेको थोडीच देना है."

झालं होतं असं. गंगा ओलांडताना ओटी भरायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मग एवढं मोठं पाणी, घरची एकोणीस माणसं त्यावर तरंगणार आणि ओटी नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. सगळं साहित्य पेडगावाहून बांधून आणलेलं. पण ओटी भरायची सवाष्णीनं. सुनांना सांगावं तर हसतील. म्हणून कुमारिकेच्या हातून भरावी, असा त्यांनी तोडगा काढला आणि स्वराला घेऊन गेल्या. ऐकायला आलेला आमचा रत्नागिरीचा आचारी म्हणाला, आजी, समुद्र पुरुष असतो, त्याची कुठं ओटी भरतात! आत्याबाईंनी त्याला खालून वर बघितलं. "इतक्या नद्या पोटात घेऊन बसलीय, ती बाई न्हाई तर कोन हाय?" म्हणाल्या. आमची गंगा बी इथंच येती. गोदावरी पलीकडच्या समुद्राला मिळते हे मी शाळेत शिकलेले आहे, पण त्या वेळी तोंड उघडलं नाही.

शीतलनं स्वराला उचललं आणि मग ती रडली. मीही रडले. स्वरा तेवढी नाराज होती, नारळ फेकायचा राहिला म्हणून.

संध्याकाळी मला कामावरून बाजूला केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षा अधिकाऱ्यानं बोलावलं. हा माणूस जर्मन. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण कौतुकानं म्हणतो, त्या दिवशी दोघं एका टेबलाला समोरासमोर बसलो होतो आणि परभणीची मान खाली होती. त्याच्यापुढं तो फॉर्म पडलेला. 'घरचं कुणीही' वर बोट ठेवून त्यानं विचारलं, ह्याचा अर्थ काय? मी सांगितला. त्यानं ते लिहून घेतलं.

तेवढ्यात दार ढकलून आत्याबाई आत. घरात कुणाला न सांगता, विचारत विचारत आलेल्या. माझ्यावर बालंट आलंय हे त्यांना जेवणघरातल्या पोरांकडून कळलं होतं. खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ साहेबाकडं बघून मराठीत बोलायला लागल्या.

"साहेब, हिची काय चूक न्हाई. हिनं मला पासवर्ड इचारला. मी सांगितला, हुरडा. पोरीच्या मायनं पाठवलंय म्हून बी सांगितलं. मी खोटं बोलले. काय करायचं ते मला करा."

पासवर्ड त्यांनी स्वराकडून काढून घेतला होता. कागदावर तोच शब्द होता, म्हणजे सगळं तंतोतंत जुळत होतं. साहेबानं मला विचारलं, आजी काय म्हणतात? त्या खोलीत मराठी जाणणारं तिसरं कुणी नव्हतं. जे त्या बोलल्या तेवढंच इंग्रजीत सांगायचं होतं. मी एक शब्दही खोटा बोलणार नव्हते, फक्त भाषांतर करणार होते. प्रमुखाची जागा, चार महिन्यांची पाळी, ओंकारची दहावी, सगळं त्या दोन वाक्यांत होतं.

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द. त्यानं मान हलवली आणि पेन उचललं. मला मात्र ती चहाला निघालेली शीतल दिसत होती, आणि कठड्याशी नारळ घेऊन उभी असलेली स्वरा. मी म्हणाले, साहेब, त्या मला वाचवायला असं बोलतायत. मी पासवर्ड विचारला नव्हता. काहीच विचारलं नव्हतं.

त्यानं आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाला, ह्या तुझ्या कोण? मी म्हणाले, परवापर्यंत कोणी नव्हत्या. त्यानं लिहायचं ते लिहिलं. लेखी ताकीद. नोकरी राहिली. प्रमुखाची जागा गेली, ती एका मणिपूरच्या मुलीला मिळाली, आणि तिनं ती चोख सांभाळली, हेही सांगायला हवं.

बाहेर आलो तशी आत्याबाईंनी माझा दंड धरला. काय म्हनला गोरा? जन्मात पहिल्यांदा साहेबापुढं खोटं बोललेली बाई. मी म्हणाले, "आत्याबाई, तुमी होत्या म्हणून सुटले."

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. दुपारच्या जेवणाला तेरा मोठ्यांना आणि पाच लेकरांना त्यांनी सगळी हकिकत ऐकवली, साहेबाच्या आवाजासकट. शीतलनं माझ्याकडं बघितलं, मी नुसती राहू दे अशी मान हलवली. कालपर्यंत त्यांच्यावर तोंड टाकणारा पुण्याचा पुतण्याही त्यांच्या पाया पडला. परतीच्या वाटेवर जहाज पुन्हा गोव्याला लागलं तेव्हा सगळे किनाऱ्यावर उतरले आणि स्वरानं गुडघाभर पाण्यात उभं राहून ओटी भरली. मी ते फोटोत बघितलं. मी कामावर होते आणि त्या दिवशी प्रत्येकाला पासवर्ड विचारत होते.

ओंकारच्या दहावीच्या परीक्षेला मी घरी नव्हते. भूमितीच्या पेपरच्या सकाळी जहाजावरून फोन लागता लागला नाही. चांगल्या मार्कांनी पास झाला. पेढे सासूबाईंनी वाटले आणि तो मान त्यांचाच होता. तरीही त्या वर्षाचं मला वाईट वाटतं ते वाटतंच, त्याला इलाज नाही. त्यानंतर एकच वर्ष काढलं आणि मी घरी आले.

आता परभणीत संध्याकाळी चार तास लेकरं सांभाळते. दाराशी फॉर्म आहे, चार नावं आहेत. सुरुवातीला पालक हसायचे, आता मुकाट्यानं सही करतात. आत्याबाई डोळे दाखवायला शहरात आल्या की माझ्याकडं येतात, ओट्यावर बसतात आणि जो पालक येईल त्याला सांगतात, हिची नोकरी मी वाचवली, जर्मनच्या साहेबाला मराठीत ठणकावलं. मी आतून चहा आणते आणि म्हणते, खरं आहे. ह्या चार वर्षांत त्या गोष्टीतला साहेब दोन हात उंच झालाय आणि शेवटी आत्याबाईंना हातसुद्धा जोडतो. पेडगावात कुणाचीही सून अडचणीत आली की तिला म्हणे आत्याबाईंकडं पाठवतात, त्या बोलतात म्हणून. आणि त्या खरंच बोलतात. मागं एका मुलीची सुटलेली शाळा त्यांनी तिच्या बापापुढं बसून पुन्हा सुरू करून घेतली. मी जर्मनांपुढं भेले न्हाई, तुझ्यापुढं भिऊ का, असं त्याला म्हणाल्या.

त्यांना आता वाचता येत नाही, नजर गेली. दिवाळी अंक स्वरा वाचून दाखवते असं शीतल सांगत होती, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. हेही दिवाळी अंकातच येणार, म्हणून हे शेवटचं तिच्यासाठी लिहिते, शीतल तिला ते आधीच दाखवील. स्वरा, बाळा, ही पानं आली की उलटून पुढं जा. आजीनं विचारलंच, तर सांग, जाहिराती आहेत.